मेगाब्लॉकचा रविवार आणि उलट्या दिशेची लोकल

अंबरनाथ पश्चिमेत राहणाऱ्या कुटुंबाला रविवारी मुंबईला जायचे असेल, तर शनिवारी रात्रीच एक चौकशी करावी लागते : उद्या मेगाब्लॉक कुठे आहे? रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरच्या कामांसाठी रविवारी दुपारचे काही तास एखादा मार्ग बंद ठेवला जातो. नोकरदारांची गर्दी त्या दिवशी कमी असते, म्हणून रविवार निवडतात. अडचण एवढीच, की सहा दिवस कामावर जाणाऱ्या माणसाला बायकामुलांना घेऊन बाहेर पडायलाही तोच एक दिवस मिळतो.

मोठे ब्लॉकही येतात. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाणे स्थानकाच्या फलाट रुंदीकरणासाठी तब्बल ६३ तासांचा ब्लॉक होता, तर त्याच दिवसांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर ३६ तासांचा. नऊशेहून अधिक लोकल फेऱ्या रद्द झाल्या. शाळांना सुट्टी होती. कितीतरी घरांतले बेत त्या तीन दिवसांत मोडले असतील. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका टाकण्याचे कामही हाती घेतलेले आहे. तेव्हा ठरवलेला बेत ऐनवेळी बदलणे हे आपल्या भागात काही नवलाचे राहिलेले नाही. प्रश्न असा आहे, की बेत बदलला की दिवसाचे काय करायचे?

बहुतेक घरांत काय होते, हे आपण जाणतो. अब्बांचा आवाज चढतो. पहाटे उठून डबे भरलेली अम्मी गप्प होते. मुले रडवेली होतात आणि सगळे घरी परतून आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालतात. कोणाचाच दोष नसतो आणि रविवार मात्र वाया जातो.

पुलावर घेतलेला निर्णय

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. आईवडील आणि दोन मुले भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला निघाली होती. दादींना घरीच ठेवले होते. त्यांचे गुडघे दुखतात, लोकलच्या गर्दीत त्यांना उभे राहवत नाही, परत यायला रात्र होणार. शेजारी म्हणून त्यांच्या जेवणाची चौकशी आमच्याकडे सोपवली होती.

स्टेशनच्या पुलावर पोहोचल्यावर ब्लॉकची घोषणा ऐकू आली. गाड्या उशिरा धावणार होत्या आणि फलाट आधीच भरलेला होता. भायखळ्याला पोहोचेपर्यंत दुपार टळली असती. आठ वर्षांच्या मुलीचे डोळे भरले. तेवढ्यात समोरच्या फलाटावर कर्जतकडे जाणारी लोकल लागली. ती निम्म्याहून अधिक रिकामी होती. मुलांची आई म्हणाली, "नेरळला जाऊ या का? तिकडे बसायला जागा मिळेल." आणि लगेच तिच्या तोंडून निघाले, "मग अम्मींनाही नेता येईल."

ती लोकल त्यांनी सोडून दिली. मुलांचे अब्बा रिक्षाने घरी आले. दादी म्हणाल्या, "मला कशाला नेता रे? माझ्यामुळे तुम्हाला जागोजागी थांबावं लागेल." मुलाने उत्तर दिले, "अम्मी, आज थांबायलाच निघालोय." दादींनी बुरखा चढवला, पानाचा डबा घेतला आणि पुढच्या गाडीला पाचही जण खिडकीजवळ बसून निघाले.

दादींचे माहेर पुण्याचे. लग्न होऊन त्या अंबरनाथला आल्या, तेव्हापासून माहेरी जाताना-येताना नेरळ स्टेशन त्यांनी शेकडो वेळा खिडकीतून पाहिले होते. तिथे कधी उतरल्या नव्हत्या. अलीकडे तर लग्न, मय्यत आणि दवाखाना यांखेरीज त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. मुंबईचा बेत ठरला तसा पार पडला असता, तर त्या दिवशीही त्या घरीच राहिल्या असत्या.

नेरळला काय आहे?

अंबरनाथहून नेरळ साधारण २६ किलोमीटरवर आहे. बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. बदलापूर सुटले की इमारती विरळ होतात. चंदेरीचा सुळका दिसतो, माथेरानचा डोंगर जवळ येतो. लहान मुलांसाठी हा प्रवासच अर्धी सहल आहे.

नेरळ स्टेशनावर मोठ्या रुळांच्या शेजारी दोन फूट रुंदीचे चिमुकले रूळ दिसतात. हीच माथेरानची मिनी ट्रेन. डोंगर चढण्यासाठी सुमारे २० किलोमीटरचा हा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधला गेला. तो बांधणारे होते अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय आणि पैसा पुरवला त्यांचे वडील, मुंबईचे दानशूर व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला. आदमजी माथेरानला वारंवार जात आणि तिथवर पोहोचणे सोपे व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर एका मुस्लिम बाप-लेकाने उभे केलेले हे काम आहे आणि आपल्या मुलांना त्याची माहिती नसते. २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये, शंभरी भरली त्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झाले, तेव्हा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गाडी परत धावली.

शेजाऱ्यांना मिनी ट्रेन मिळाली नाही, सकाळच्या गाड्या निघून गेल्या होत्या. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जाऊन पुढे चालणे दादींना झेपले नसते. मग त्यांनी डोंगराचा नाद सोडला. मुलांनी उभे असलेले छोटे डबे पाहिले. गावातल्या मशिदीत मुलगा अब्बांबरोबर जोहरची नमाज पढून आला. झाडाच्या सावलीत चादर अंथरून भायखळ्यासाठी भरलेले डबे उघडले गेले. जेवण झाल्यावर दादींनी नातवंडांना सांगितले, की त्यांचे अब्बा त्यांना माहेरी न्यायला येत, तेव्हा याच मार्गावर कुठल्या स्टेशनात काय खायला घेऊन देत. मुलांच्या अब्बांनीही हे पहिल्यांदाच ऐकले. मगरिबच्या आत सगळे घरी परतले होते.

पेंग्विनचे दुःख मात्र मुलीच्या मनात होतेच. "त्यात काय एवढं" म्हणून कोणी ते उडवून लावले नाही. रात्री अब्बांनी कॅलेंडरवर पुढची तारीख लिहिली. मुलांना दिलेला शब्द पुढे ढकलावा लागला, तर "पुन्हा कधीतरी" म्हणू नये, दिवस सांगावा.

पाण्याचा मोह नको

ऐनवेळच्या सहलीत एक धोकाही असतो, तो सांगायलाच हवा. पावसाळ्यात "चला, कुठेतरी जाऊ" म्हणत तरुण मुले बदलापूरजवळच्या कोंडेश्वरसारख्या ठिकाणी पाण्यात उतरतात आणि दरवर्षी कोणाच्या तरी घरी मयत परत येते. अशा ठिकाणी पावसाळ्यात मनाईहुकूम काढले जातात, ते पाळावेत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती. सुमारे १०५० प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांनी सुखरूप बाहेर काढले. तोच हा नेरळचा मार्ग. जोरदार पावसाच्या दिवशी बदललेला बेत म्हणजे घरच. खिचडा करावा, शेजाऱ्यांना बोलवावे, दस्तरखान मोठा अंथरावा.

इतर दिवसांसाठी काही गोष्टी आधीच करून ठेवता येतात. मुंबईचा बेत आखताना त्याच वेळी कर्जतच्या दिशेचे एक ठिकाण मनात ठेवावे. जेवण घरचे असावे, म्हणजे कुठेही बसून खाता येते. पाण्याची जादा बाटली आणि जानमाज पिशवीत असावी. आणि अगदीच जवळ राहायचे असेल, तर स्टेशनच्या पूर्वेला वालधुनीकाठी १०६० सालचे शिवमंदिर आहे. ज्या मंदिरावरून आपल्या गावाला नाव मिळाले, त्याचे जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचे दगडी कोरीवकाम पश्चिमेतल्या किती मुलांनी पाहिले आहे?

बेत आखताना आपण 'इन्शाअल्लाह' म्हणतो. ते केवळ सवयीने म्हटले, की मनापासून, हे बेत मोडल्यावर आपल्या चेहऱ्यावरून घरच्यांना कळते. मुले ते बघत असतात. पुढच्या वेळी गाडी रद्द झाल्याची घोषणा ऐकू आली, तर रागावण्याआधी एवढे विचारून पाहावे : पहिल्या बेतात घरातले कोण मागे राहिले होते? त्यांना झेपेल असे ठिकाण जवळपास कोणते आहे? दिवस अजून बराच शिल्लक असतो.