चोवीस आम्लांचा पत्ता

मोहन्यातल्या औषध दुकानाच्या फ्रिजमध्ये मानवी इन्सुलिनच्या कुप्या असतात. या इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्ले असतात. आपल्या स्वादुपिंडात मात्र त्याची साखळी सुरुवातीला 110 आम्लांची असते आणि त्यातली पहिली 24 निव्वळ पत्त्यासाठी खर्च होतात. पाकिटावर पिनकोड लिहावा तशी. फक्त इथे पत्ता मजकुरातच गुंफलेला असतो आणि माल पोहोचला की छाटला जातो.

ही कल्पना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांची. 1971 मध्ये तो नुसता तर्क होता. ब्लोबेल यांनी 1975 मध्ये पुरावे दिले. 1999 चे नोबेल त्यांना मिळाले आणि बक्षिसाची बहुतेक रक्कम त्यांनी ड्रेस्डेनमधल्या बेचिराख झालेल्या चर्चच्या उभारणीसाठी दिली.

रायबोसोममधून पत्ता डोकावला रे डोकावला की एक कण त्याला धरतो, बांधणी रोखतो आणि साखळीला रायबोसोमसकट आंतर्द्रव्यजालिकेच्या दाराशी नेतो. तिथे बांधणी पुन्हा सुरू होते, साखळी आत सरकते, एक विकर पत्ता कापते. उरलेल्या 86 आम्लांची घडी बसते. पुढे गोल्जी पिंड आणि तिथून निघालेल्या पुटिका. त्यांत मधला तुकडा निघतो आणि तयार इन्सुलिन जस्तासोबत स्फटिक होऊन रक्तातली साखर वाढण्याची वाट पाहते.

केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनांचा पत्ता मात्र कापत नाहीत. पेशी विभागताना केंद्रकाचे आवरण विरते, मग त्यांना परत आत शिरावे लागते. या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी हुशारी हीच.

पुटिका वाहून नेणाऱ्या रेणूंची कथा आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. कायनेसिन सूक्ष्मनलिकेवर 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत बहुधा पेशीच्या कडेकडे जाते, डायनिन उलट दिशेने. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने लेसरच्या चिमट्याने या दोघांचे बळ मोजले. एकटे डायनिन दुबळे, पण घोळक्याने ओढू लागले की भारी पडते, असे त्यांना 2013 मध्ये दिसले. 2014 मध्ये मल्लिक यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

वाहक कितीही दणकट असले तरी पत्ता वेळेवर छाटला जावा लागतो. काही बालकांमध्ये त्या 24 पैकी शेवटचे एकच आम्ल बदललेले असते. मग पत्ता नीट कापला जात नाही, इन्सुलिनची घडी बिघडते, ते जालिकेत अडकते आणि आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो.