परक्या घाटातला वाटाड्या निवडताना

लेह-लडाखची दुचाकीवारी पुण्या-मुंबईच्या स्वारांना आता नवलाईची राहिलेली नाही. खारदुंग ला पाहून आलेल्यांना पुढे युरोपातील आल्प्स पर्वत खुणावू लागतो. म्युनिकला विमानातून उतरायचे, मोटारसायकल भाड्याने घ्यायची आणि आठवडाभरात जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड असे चार देश घाटमार्गांनी पालथे घालायचे, असा हा बेत असतो. व्हिसा, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, जॅकेट, हातमोजे यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस यंत्राचा विचार मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या आठवड्यात होतो आणि ‘मोबाइल आहेच की’ या वाक्याने तो संपतो.

आपल्याकडे रस्ता चुकला तर चौकातला पानवाला किंवा रिक्षावाला मदतीला धावून येतो. अडीच हजार मीटर उंचीवरच्या घाटात, धुक्यात आणि पावसात ही सोय नसते. त्यामुळे यंत्र कोणते घ्यावे, यापेक्षा ते कोणत्या परिस्थितीत काम देईल, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

उपग्रह वेगळा, नकाशा वेगळा

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली उपग्रह यंत्रणा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे उपग्रह वेळेचे अचूक संकेत पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान काढते. नागरी वापरासाठीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि त्यानंतरच ही यंत्रे रस्त्यावरच्या वापरासाठी खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. आजची बहुतेक यंत्रे जीपीएसबरोबरच युरोपच्या ‘गॅलिलिओ’ आणि रशियाच्या ‘ग्लोनास’ या यंत्रणांचेही संकेत घेतात. भारताची ‘नाविक’ यंत्रणा मात्र देश आणि त्याभोवतीच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी असल्याने आल्प्समध्ये तिचा आधार धरता येत नाही.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्यायला हवा. स्थान कळण्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घेण्यासाठी. सिमकार्ड नसलेल्या मोबाइललाही आपण कोठे आहोत हे समजते. परंतु त्यात नकाशा साठवलेला नसेल, तर पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवर एक निळा ठिपका तेवढा दिसतो. म्हणूनच निघण्यापूर्वी संपूर्ण प्रवासाचा नकाशा यंत्रात भरून घेणे, ही पहिली अट. युरोपीय संघातील देशांमध्ये घेतलेले सिमकार्ड संघातील अन्य देशांत चालते. स्वित्झर्लंड मात्र या संघाचा सदस्य नाही. त्यामुळे म्युनिकमध्ये घेतलेल्या सिमकार्डाची इंटरनेट सेवा स्विस सीमेवर बंद पडू शकते किंवा त्याचे वेगळे शुल्क लागू शकते.

नेमका हाच प्रश्न स्वतंत्र यंत्र विकत घेतानाही विचारावा. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रात युरोपचा नकाशा असेलच असे नाही. तो मोफत मिळतो की वेगळे पैसे मोजावे लागतात, याची विक्रेत्याकडून आधी खात्री करून घ्यावी. काही यंत्रांत, २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या प्रकल्पावर आधारलेले नकाशे विनामूल्य भरता येतात.

मोबाइल की स्वतंत्र यंत्र?

मोबाइलची बाजू भक्कम आहे. तो खिशात असतोच, पडदा उत्तम असतो आणि ‘कुर्विगर’, ‘कॅलिमोटो’ यांसारखी वळणावळणाचे रस्ते शोधून देणारी, खास मोटारसायकलस्वारांसाठीची अ‍ॅप्स त्यावर चालतात. शहरातून शहरात जायचे आणि हवामान चांगले असेल, तर वेगळ्या खर्चाची गरज नाही.

अडचण येते ती लांबच्या, सलग प्रवासात. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ‘अ‍ॅपल’ कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता आणि कंपने शोषून घेणारी पकड वापरण्याचा सल्ला दिला होता. याच कंपनीने आपल्या फोनसाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान सांगितले आहे. भर दुपारच्या उन्हात, चार्जिंग चालू असताना फोन तापतो आणि पडदा मंद होतो. पाऊस आला की थेंबांचा स्पर्शही पडद्याला बोटाचा वाटतो. आणि सर्वात मोठा धोका म्हणजे अपघात झाला, तर मदत मागण्याचे एकमेव साधन हँडलवरच फुटलेले असते.

खास मोटारसायकलसाठी बनवलेली यंत्रे या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून तयार होतात. ‘गार्मिन’ची ‘झुमो’ मालिका हे त्यांतले ठळक नाव. तिच्यातील साडेपाच इंची पडद्याचे ‘एक्सटी’ २०२० मध्ये आले आणि सहा इंची ‘एक्सटी-२’ २०२३ मध्ये. दुसऱ्याची किंमत त्या वेळी सुमारे ६०० डॉलर होती. एका सहलीसाठी ही रक्कम अनेकांना जड वाटेल आणि ते स्वाभाविकही आहे. अशा वेळी मधला मार्ग उपयोगी पडतो. घरात पडून असलेला जुना मोबाइल नकाशे भरून हँडलवर लावावा आणि रोजचा मोबाइल जॅकेटच्या आतल्या खिशात सुरक्षित ठेवावा.

जाहिरातीतील ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबून राहू नये. ‘आयपीएक्स-७’ या मानांकनाचा अर्थ, यंत्र एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरते, एवढाच आहे. वेगाने आदळणाऱ्या पाण्याच्या झोताची चाचणी वेगळी असते. शिवाय यंत्र कोरडे राहिले तरी चार्जिंगचे तोंड उघडे असेल, तर पहिल्याच पावसात घोटाळा होतो.

गाडी भाड्याची, वीज कोणाची?

स्वतःच्या गाडीवर यंत्राची वायर थेट बॅटरीला जोडता येते. भाड्याच्या गाडीवर तशी मुभा सहसा नसते. यंत्राची स्वतःची बॅटरी पडद्याच्या पूर्ण उजेडात दिवसभर पुरत नाही. ‘झुमो एक्सटी’साठी कंपनीने सांगितलेला हा अवधी सुमारे साडेतीन तासांचा आहे. त्यामुळे गाडीवर यूएसबी सॉकेट आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचे, हे गाडी आरक्षित करतानाच भाडे कंपनीला विचारून घ्यावे. काही मोटारसायकलींवर जीपीएसची बैठक तयार असते. परंतु ती त्याच कंपनीच्या यंत्रासाठी बनवलेली असल्याने दुसरे यंत्र तिच्यात बसत नाही. आपली पकड आणि वायर आपणच न्यावी. पॉवर बँक न्यायची असेल, तर ती विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते, हेही विसरू नये.

यंत्राचा मार्ग आणि स्वाराचा मार्ग

गाडी चालवणाऱ्याला लवकर पोहोचवणे, हा साध्या जीपीएसचा धर्म. घाट पाहायला आलेल्या स्वाराला नेमके उलटे हवे असते. स्वित्झर्लंडमधील गोटहार्डचे उदाहरण बोलके आहे. ग्योशेनन आणि आयरोलो ही दोन नावे यंत्राला दिली, की ते १९८० मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १७ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे काढते. ज्यासाठी एवढा खर्च करून यायचे, तो २१०६ मीटर उंचीचा घाट आणि दक्षिण उतारावरची दगडी फरसबंदीची, दोन डझन वळणांची ‘ट्रेमोला’ ही जुनी वाट डोक्यावरच राहते.

हे टाळायचे तर मार्ग आधी घरी संगणकावर आखून तो ‘जीपीएक्स’ स्वरूपात यंत्रात भरता आला पाहिजे. या स्वरूपातले ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ हे दोन प्रकार अनेकांना एकच वाटतात. ‘रूट’ म्हणजे काही थांब्यांची यादी. त्यांच्यामधला रस्ता यंत्र आपल्या बुद्धीने पुन्हा आखते आणि तेथेच बोगदा निवडला जातो. ‘ट्रॅक’ म्हणजे नकाशावर ओढलेली रेघ. ती बदलत नाही. यंत्र दोन्ही स्वीकारते का आणि रस्ता चुकल्यावर आपोआप नवा मार्ग काढणे बंद करता येते का, हे पाहूनच खरेदी करावी. मधला एखादा थांबा मुख्य रस्त्याऐवजी चुकून शेजारच्या गल्लीत नोंदवला गेला, तर यंत्र पुन्हा पुन्हा मागे वळायला सांगते आणि स्वाराला अक्षरशः चकवा लागतो.

‘टोल टाळा’ हा पर्यायही विचारपूर्वक निवडावा. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोक्नरचा प्रसिद्ध घाटरस्ता टोलचा आहे. तो पर्याय चालू असेल, तर यंत्र हा रस्ता मुळातच वगळते. उलट ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी आगाऊ घ्यावा लागणारा ‘विन्येट’ घेतलेला नसेल, तर ‘महामार्ग टाळा’ हा पर्याय दंड वाचवतो. इटलीतील २७५७ मीटर उंचीचा स्टेल्व्हिओ घाट हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्‌महिने बंद असतो. यंत्रातला नकाशा ते सांगेलच असे नाही. याच भागात गावांना इटालियन आणि जर्मन अशी दोन नावे असतात. बोल्झानो म्हणजेच बोझेन आणि स्टेल्व्हिओ म्हणजेच स्टिल्फ्सर योख. दोन्ही नावे टिपून ठेवली, तर शोधताना गोंधळ होत नाही.

उजवीकडून चालताना

भारतीय स्वाराला यंत्राची खरी गरज गोल चौकात भासते. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहतूक उजवीकडून चालते आणि चौकाला डावीकडून उजवीकडे नव्हे, तर उलट्या दिशेने वळसा घालावा लागतो. जन्मभराची सवय पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना किंवा अशा चौकात नकळत डोके वर काढते. अशा क्षणी खाली पडद्याकडे पाहणे धोक्याचे. ‘तिसऱ्या फाट्याला बाहेर पडा’ ही सूचना हेल्मेटमधील ब्लूटूथ ध्वनिवर्धकातून वेळेवर ऐकू येणे, हे पडद्याच्या आकारापेक्षा मोलाचे आहे. सहल फ्रान्सपर्यंत जाणार असेल, तर तेथे कानात इअरफोन घालून वाहन चालवण्यास २०१५ पासून बंदी आहे. हेल्मेटमध्ये बसवलेले ध्वनिवर्धक मात्र चालतात.

एका अक्षराचा घोटाळा

वेगमर्यादा मोडणाऱ्यांना टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची पूर्वसूचना ही अनेक यंत्रांतली लोकप्रिय सोय. जर्मनीत वाहन चालवताना ती वापरल्यास ७५ युरो दंड होतो. स्वित्झर्लंडमध्ये अशी सूचना देणारी यंत्रे बाळगण्यासही मनाई असून ती जप्त होऊ शकतात. फ्रान्समध्ये दंडाची कमाल रक्कम १५०० युरो आहे. सीमा ओलांडण्यापूर्वी ही सोय पूर्णपणे बंद करता येते का, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

याहून गंभीर बाब आपल्याच विमानतळावरची आहे. जेथे नेटवर्क नाही तेथून उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे परदेशी गिर्यारोहकांत आणि स्वारांत लोकप्रिय आहेत. भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र सापडल्यामुळे एका परदेशी पर्यटकाला पोलीस कारवाईला तोंड द्यावे लागले होते. केवळ संकेत ग्रहण करणारे जीपीएस यंत्र या प्रकारात मोडत नाही. पण दोहोंचे रूप सारखे आणि नावे त्याहून सारखी. ‘गार्मिन’च्या ‘मोंटाना ७००’मध्ये संदेश पाठवण्याची सोय नाही, ‘मोंटाना ७००-आय’मध्ये ती आहे. परदेशातून एखाद्या नातेवाइकाकडून यंत्र मागवताना हे एक अक्षर अवश्य पाहावे. यंत्राचे बिल आणि माहितीपत्रक हातातल्या सामानात असले, की तपासणीच्या वेळी समजावून सांगणे सोपे जाते.

घाटातच घ्या परीक्षा

अपघाताच्या वेळी युरोपात ११२ हा क्रमांक लावायचा असतो आणि पलीकडून पहिला प्रश्न ‘कोठे आहात?’ हाच येतो. अक्षांश-रेखांश पडद्यावर चटकन कसे आणायचे, हे गटातील प्रत्येकाला ठाऊक हवे. यंत्राच्या मालकालाच ते माहीत असून भागत नाही, कारण जखमी तोच असू शकतो.

खरेदी निघण्याच्या किमान महिनाभर आधी करावी. त्यानंतर एखाद्या पावसाळी रविवारी मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकून, हातमोजे घालून, आखलेला मार्ग भरून ताम्हिणी घाटात एक फेरी मारावी. सूचना ऐकू येतात का, ओल्या हातमोज्याने पडदा हलतो का, पकड खड्ड्यात टिकते का, चार्जिंग चालू राहते का, हे तेथेच कळेल. जे यंत्र या फेरीत नापास होईल, ते दुकानात परत करता येते. आणि पास झालेल्या यंत्राबरोबरही टाकीवरच्या पिशवीत आल्प्सचा एक कागदी नकाशा असू द्यावा; त्याला ना बॅटरी लागते ना उपग्रह.