फडताळातील रंगीत काच

कोकणातील घर पुन्हा शाकारावयाचे ठरले, अथवा विकावयास निघाले, की माळ्यावरचे व फडताळातले सारे सामान अंगणात येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि रायगड जिल्ह्यातील हजारो घरांवरील कौले व पत्रे उडाले, तेव्हा हा प्रसंग एकाच वेळी अनेक घरांवर आला. अशा वेळी तांब्यापितळेच्या भांड्यांना वजनावर भाव मिळतो, शिसवी पेटीला गिऱ्हाईक मिळते. काचेला मात्र कोणी पुसत नाही. फुटकी बरणी, औषधाची शिशी आणि आजोबांच्या काळची निळी फुलदाणी ही तिन्ही एकाच पाटीत पडतात. या पाटीतून काय उचलून ठेवावे, ते कसे ओळखावे आणि समुद्रकाठच्या हवेत ते कसे टिकवावे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

काचेचा व या किनाऱ्याचा संबंध आजकालचा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्च्या काचेचा उल्लेख आहे, आणि त्याच ग्रंथात दक्षिणेकडील बंदरांमध्ये ‘सेमुल्ला’ हे नाव येते. ते आपले चौल होय, असे विद्वान मानतात. पुढे दिवाणखान्यांत आणि देवळांत टांगलेल्या हंड्या-झुंबरे आली, गुलाबदाण्या आल्या. सर्वांत शेवटी आली ती विसाव्या शतकाच्या मध्यातील नव्या घडणीची काच. फुलदाण्या आणि डिकँटर, म्हणजे काचेचे बूच असलेल्या डौलदार सुरया. आज जगभर संग्राहक शोधतात ती मुख्यतः हीच.

ही काच जुन्या काचेहून निराळी कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वीच्या मौल्यवान काचेचे सौंदर्य तिच्यावर केलेल्या कामात असे. पैलू पाडावेत, वेलबुट्टी कोरावी, सोनेरी रेघ ओढावी. नव्या कारागिरांनी हा सारा साज उतरवून ठेवला. काच तप्त असताना मधासारखी ओघळते. तिचा तो ओघळ, तिची जाडी आणि तिचा रंग हाच तिचा अलंकार, असे त्यांचे मत. फिनलंडच्या आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने १९३६ साली आखलेली फुलदाणी या दिशेची पहिली मोठी खूण. तिची कड सरोवराच्या काठासारखी वळणे घेत जाते. त्याच देशातील तापिओ विर्कला याने १९४६ साली अळंबीच्या आकाराची, रेषांनी कोरलेली पातळ फुलदाणी घडविली. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर वेनिनीच्या कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस हातरुमाल चार कोपऱ्यांनी लोंबता धरावा तशी फुलदाणी निघाली. इंग्लंडात व्हाइटफ्रायर्स या जुन्या कारखान्यात १९५४ साली जेफ्री बॅक्स्टर हा तरुण रुजू झाला आणि पुढे त्याने झाडाच्या सालीसारख्या खडबडीत पृष्ठाच्या फुलदाण्या काढल्या. तो कारखाना १९८० साली बंद पडला. अमेरिकेतील ब्लेन्को कारखान्याच्या उंच, भडक रंगांच्या सुरया याच काळातल्या.

अशा वस्तू रायगडच्या किनाऱ्यावर कशा येतात, याचे उत्तर अवघड नाही. रेवस-मांडव्याच्या पलीकडे मुंबई. घरातला एक तरी माणूस मुंबईस नोकरीला किंवा बोटीवर, ही येथील कित्येक घरांची रीत. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाल्यावर, चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे त्या काळची परदेशी फुलदाणी घरात असेल तर ती बहुधा दुकानातून नव्हे, कोणाच्या तरी ट्रंकेतून आलेली असते. म्हणजेच तिच्यामागे एक माणूस असतो आणि एक प्रवास असतो. ही गोष्ट पुढे कामास येईल.

आता काच म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ‘हिरा की गारगोटी’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण काचेची आई ही गारगोटीच. साध्या काचेत शंभरात सुमारे सत्तर ते पंचाहत्तर भाग वाळूतील सिलिका असते. तिला वितळविण्यास सोडा आणि टिकाऊपणा आणण्यास चुना. हे मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याचा रस होतो. मग कोणास वाटेल की अलिबागच्या किनाऱ्यावर एवढी वाळू पडली आहे, तिची काच का होत नाही? कारण ही वाळू काळ्या पाषाणातून झिजून आलेली, लोहाने भरलेली आहे. शंभरात एक दशांश भागाइतके लोहही काचेला हिरवट झाक आणते. स्वच्छ काचेसाठी पांढरी वाळू लागते. ती महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील कासार्डे भागात निघते.

जे लोह कारखानदाराला नकोसे, तीच विद्या रंगाऱ्याला हवीशी. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने आकाशी, मँगनीजने जांभळा, सोन्याच्या सूक्ष्म कणांनी माणकासारखा लाल रंग येतो. युरेनियमने पोपटी-पिवळी काच होते. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली ती हिरवी झळकते. अशी वस्तू पाहण्यापुरती ठेवावी, खाण्यापिण्यास वापरू नये.

वस्तू हातात आली की ती पालथी करावी. फुंकनळीने फुगविलेले भांडे तोंडाशी घडविताना बुडाला लोखंडी सळई चिकटवितात. ती तोडल्यावर बुडाशी व्रण राहतो. चांगल्या कारखान्यात तो घासून गुळगुळीत खळगा करतात. साच्यात दाबून काढलेल्या स्वस्त भांड्याच्या दोन्ही बाजूंस मात्र उभी शिवण दिसते. नंतर बुडावरची झीज पाहावी. पन्नास-साठ वर्षे फळीवर सरकलेल्या भांड्याच्या बुडावर बारीक, आडवेतिडवे ओरखडे असतात. ओरखडे सारे एकाच दिशेने गेलेले असतील तर ते काळाने नव्हे, पॉलिशकागदाने उमटविलेले समजावे. सुरई असेल तर बूच व गळा यांची जोडी तपासावी. कित्येक जुन्या सुरयांच्या बुचावर व गळ्यावर एकच आकडा खरवडलेला असतो. तो जुळला नाही तर बूच दुसऱ्याचे. कागदी चिठ्ठीवर फार विसंबू नये. व्हाइटफ्रायर्ससारख्या कारखान्याच्या बहुतेक मालावर कागदी चिठ्ठीखेरीज खूण नसे, आणि ती पहिल्या धुण्यातच जाई. उलट मुरानोची चिठ्ठी आज कोणत्याही भांड्यावर चिकटविता येते. मुंबईच्या चोरबाजारात हिंडणाऱ्याने ही शेवटची गोष्ट विसरू नये.

परंतु किनाऱ्यावरील घरात नकली मालापेक्षा मोठा शत्रू हवा हाच आहे. काच पाण्याने बिघडत नाही हा समज खरा नाही. दमट हवेत काचेच्या पृष्ठातील क्षार हळूहळू बाहेर ओढले जातात. आधी ती चिकट, ओलसर लागते, पुढे धुरकट होते, आणि घडण सदोष असेल तर तिच्यात जाळीसारख्या सूक्ष्म भेगा पडतात. पावसाळ्यात येथील हवेत आर्द्रता शेकडा पंचाऐंशी-नव्वदपर्यंत चढते. अशा दिवसांत वर्तमानपत्रात गुंडाळून, ट्रंकेत घालून ठेवलेली काच सुरक्षित आहे असे वाटते. वस्तुतः कागद ओल धरतो आणि काचेला चार महिने ओल्या फडक्यात ठेवल्यासारखे होते. तिला फळीवर, वारा लागेल अशी ठेवावी. सुरई धुतल्यावर पूर्ण निथळू द्यावी आणि आतून कोरडी झाल्याशिवाय बूच लावू नये.

धुरकटपणा दिसला तर घाई करू नये. विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर असेल तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून भिजविल्याने तो सुटतो. काचच खाल्ली गेली असेल तर डाग ओली असेपर्यंत दिसेनासा होतो आणि वाळताच पुन्हा उमटतो. त्याला घरगुती उपाय नाही. काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवून हा दोष झाकतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी बोट आत फिरवून पाहावे. बूच अडकले तर जोर करू नये. फटीत तेलाचा थेंब सोडावा, गळ्याभोवती कोमट पाण्याचे फडके धरावे आणि हलकेच फिरवावे. उकळते पाणी कधीही ओतू नये.

यापेक्षाही महत्त्वाचा इशारा आरोग्याचा आहे. पुष्कळ सुरया शिशाच्या काचेच्या असतात. हातात जड लागतात, टिचकी मारली तर नाद लांबतो, प्रकाशात झगमगतात. उत्तम प्रतीच्या अशा काचेत शिशाचा ऑक्साइड शेकडा चोवीस किंवा अधिक असतो. आंबट पदार्थ वा मद्य तिच्यात दिवसचे दिवस राहिले तर शिसे त्यात उतरते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. कोकणात सुंदर सुरई दिसली की तिच्यात आगळ किंवा आवळ्याचे सरबत भरून ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण शिसे लहान मुलांना सर्वांत अधिक बाधते. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशी सुरई भरून ठेवलेली असेल, त्यांनी ती आजच रिकामी करावी आणि शोभेपुरती ठेवावी.

एवढा विचार परदेशी काचेचा झाला. पण जो कोणी महाराष्ट्रात काच गोळा करू लागेल, त्याला एक मोठी उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागून जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता, आणि जपान व अमेरिका येथे काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. १९१६ साली कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने किती पिढ्यांचा अभ्यास झाला याची गणती नाही. मग या कारखान्यांची काच आज कोठे आहे? परदेशी फुलदाणी फडताळात जपून राहिली, कारण ती पाहुणी होती. स्वदेशी चिमणी घरची होती. ती रोज पुसली गेली, रोज तापली आणि एके दिवशी तडकून केरात गेली. ज्या वस्तूसाठी लोकांनी पैसा-पैसा दिला, तीच जतन करण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

निदान एका गृहस्थाने अशा वस्तूंची किंमत वेळीच ओळखली होती. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून प्रसिद्ध आहे. लोक ज्या वस्तूला अडगळ म्हणत, तीच त्यांनी उचलली.

तात्पर्य, संग्रहास प्रारंभ करावयाचा तर बाजारात जाण्याआधी स्वतःच्या घरातले फडताळ उघडावे. प्रत्येक वस्तूसाठी वहीचे एक पान राखावे: ती कोणी आणली, कोणत्या साली, कोठून, कोणत्या प्रसंगाने. त्यात परदेशी फुलदाणी असावी तशी कंदिलाची स्वदेशी चिमणीही असावी. भांड्याच्या बुडावरचा व्रण कारागिराचे काम सांगतो; पण ते या घरात कोणी व का आणले, हे घरातील वडीलधाऱ्यांवाचून कोणी सांगू शकत नाही. त्यांना विचारण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वीच उरकून घ्यावे.