तरंगणारा मासा घरी आणू नका

सावित्रीत मासे मेले की बातमी आधी बौद्धवाडीत पोचते. पोरं घमेली घेऊन धावतात. फुकटची मासळी, हाताने उचलायची. संध्याकाळी घराघरात कालवण.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री आंबेनळी घाटाच्या पायथ्याने पोलादपुरात येते आणि पुढे महाडला जाते. तिथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आहे, तरी मासे मेल्याच्या बातम्या काही थांबत नाहीत.

मासा बहुतेक वेळा गुदमरून मरतो. स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू तो संपवतात. मग मासा वर येऊन तोंड उघडमिट करतो. उन्हाळ्यात पाणी कमी आणि गरम, गरम पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा मावतो.

दुसरा घाव कल्ल्यांवर. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त नदीच्या पाण्यापेक्षा खारट असतं, म्हणून पाणी सतत त्याच्या अंगात शिरतं. ते तो लघवीवाटे टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांनी नदीतून ओढून घेतो. आम्ल किंवा तांबं पाण्यात वाढलं की हे ओढणं बंद पडतं. कल्ले सुजतात, बुळबुळीत होतात. कीटकनाशक असेल तर ते मज्जासंस्था बिघडवतं. आपलीही तशीच बिघडवतं.

जो मासा मरत नाही, त्याच्यात विष साठू शकतं. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात साठतं, पारा मांसात. जपानच्या मिनामाता गावी कारखान्याचा पारा माशांतून माणसांत गेला. तो आजार १९५६ साली उघड झाला. आईला त्रास नसतानाही पोटातलं बाळ अपंग जन्मलं. पारा धुतल्याने, शिजवल्याने जात नाही.

म्हणून मेलेला किंवा तडफडणारा मासा घेऊ नका. वाळवून ठेवू नका, कोंबड्यांना, मांजरांना घालू नका. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तर मुळीच देऊ नका. कुणी खाल्ला असेल आणि उलट्या, घाम, अंधारी असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरकारी दवाखान्यात न्या, आणि मासा कुठला ते डॉक्टरांना सांगा.

चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला याच महाडात ओंजळीत घेतलं. त्या गावच्या नदीत काय सोडलं जातं हे विचारायला आपण कचरायचं कारण नाही. मासे दिसले की वेळ लिहा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला व ग्रामपंचायतीला त्याच दिवशी लेखी कळवा. पाण्याचा नमुना तेव्हाच घ्यायला लावा. रात्रीतून पाणी वाहून जातं.