टाळेबंदी, मुलं आणि एक तास मोकळी हवा



आजचा विषय आहे टाळेबंदीच्या काळात मुलांना घराबाहेर, मोकळ्या हवेत व्यायामाला नेण्याचा. काही जण म्हणतील, "टाळेबंदी संपली, मुलं मोठी झाली, आता तो विषय कशाला उकरून काढायचा?" पण साथी एकदा येऊन कायमच्या जात नाहीत. पुढच्या वेळी नियम ठरायला लागतील तेव्हा मुलांची बाजू कुणीतरी मांडायला हवी. ती मांडायची तर मागच्या वेळी काय झालं आणि त्यातून काय कळलं, हे आपल्याला नीट माहीत हवं.

मी इंदूरला राहते आणि शाळेत मुलांना व्यायाम शिकवते. २०२०च्या एप्रिलमध्ये आमचं शहर देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होतं, त्यामुळे बंदोबस्तही कडक होता. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "बाहेर पडू नका." पहिल्या दिवसांत ते बरोबरही होतं. आजार नवा होता आणि तो कसा पसरतो हे पुरतं कळलेलं नव्हतं. पण पुढे कळत गेलं, तरी ते वाक्य काही बदललं नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्याकडे नियम काय होता?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाचा १ मेचा जो आदेश होता, त्यात ६५ वर्षांवरची माणसं, इतर गंभीर आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालची मुलं यांनी घरातच राहावं असं म्हटलं होतं. अत्यावश्यक गरज आणि वैद्यकीय कारण एवढीच सूट. ३० मेच्या आदेशात शब्द थोडे मऊ झाले, "घरी राहण्याचा सल्ला" असे. पण सोसायट्यांच्या फाटकांवर आणि आजी-आजोबांच्या मनात तो नियमच राहिला.

महाराष्ट्रात ३ जूनपासून 'मिशन बिगीन अगेन' सुरू झालं. सकाळी ५ ते संध्याकाळी ७ या वेळात मैदानं, बागा आणि समुद्रकिनारी चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी मिळाली. घराजवळची जागा हवी, गटाने काही करायचं नाही आणि मुलांबरोबर मोठं माणूस हवं, अशा अटी होत्या. म्हणजे एका बाजूला राज्य म्हणत होतं, मोठ्यांबरोबर मुलं येऊ शकतात. दुसऱ्या बाजूला १० वर्षांखालच्यांनी घरी राहावं हा सल्ला कायम होता. सात वर्षांच्या मुलीच्या आईने यातलं काय ऐकायचं? बहुतेकींनी सुरक्षित वाटलं ते केलं आणि दार बंद ठेवलं.

त्यातच पहिल्या काही दिवसांत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर गर्दी उसळली. तिचे फोटो सगळीकडे फिरले आणि "बघा, सोडलं की असं होतं," असं लोक म्हणू लागले. पण त्या फोटोत दिसत होती ती गर्दी. मोकळी हवा आणि गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गोंगाटात हरवून गेलं.

इतर देशांनी काय केलं?

सगळ्यात कडक उदाहरण स्पेनचं. १४ मार्च २०२० ला तिथे आणीबाणी जाहीर झाली. मोठ्यांना किराणा, औषधं आणि कामासाठी बाहेर पडता येत होतं, कुत्र्याला फिरवायलाही नेता येत होतं. मुलांना मात्र फिरायला म्हणून बाहेर पडायची परवानगी नव्हती, आणि हे सहा आठवडे चाललं. बार्सिलोनाच्या महापौर आदा कोलाउ यांनी मुलांना बाहेर सोडा अशी जाहीर मागणी केली. २१ एप्रिलला सरकार म्हणालं की मुलं मोठ्यांबरोबर किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात किंवा बँकेत जाऊ शकतील. लोक चिडले. ज्या बंद जागांत संसर्गाची भीती जास्त, तिथे मुलांना न्यायचं आणि मोकळ्या रस्त्यावर नाही? त्याच संध्याकाळी सरकारने निर्णय बदलला.

२६ एप्रिलपासून १४ वर्षांखालच्या मुलांना बाहेर जाता येऊ लागलं. नियम साधे होते. दिवसातून एकदा, एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत. बरोबर घरातलं एक मोठं माणूस आणि जास्तीत जास्त तीन मुलं. घसरगुंडी-झोपाळ्याच्या जागा बंद, पण आपलं स्वतःचं खेळणं नेता येईल. मग २ मेपासून मोठ्यांनाही व्यायामाची मुभा मिळाली, तेव्हा वेळा वाटून दिल्या. मुलांना दुपारी १२ ते संध्याकाळी ७, ज्येष्ठांना वेगळी वेळ, इतरांना सकाळी लवकर आणि रात्री. गर्दी टाळायची तर दार बंद ठेवणं हा एकच मार्ग नाही, घड्याळही वापरता येतं, हे तिथे दिसलं.

फ्रान्समध्ये पहिल्यापासून स्वतःच भरलेला कागद खिशात ठेवून घराजवळ व्यायामाला जाता येत होतं. इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती, मुलांसकट. तिथे खेळांची साधनं असलेल्या बागा बंद होत्या, पण हिरवळ आणि रस्ता खुला होता.

स्पेनमधली आणखी एक गोष्ट सांगते. स्वमग्न मुलांना घरात कोंडून ठेवणं फार त्रासाचं होतं, म्हणून त्यांना मार्चमध्येच बाहेर न्यायची सूट मिळाली होती. पण अशा मुलांना घेऊन आईवडील रस्त्यावर आले की वरच्या गॅलऱ्यांमधून लोक ओरडायचे, शिव्या द्यायचे. शेवटी काही कुटुंबांनी दंडाला निळी पट्टी बांधायला सुरुवात केली, म्हणजे लोकांनी समजून घ्यावं. मुलाला फिरायला न्यायचं तर दंडावर खूण बांधावी लागली. भीती पसरली की शेजारीच पोलीस होतात, आणि हे आपल्याकडेही आपण पाहिलं आहे.

मोकळ्या हवेत काय वेगळं असतं?

कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. आपण बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा अगदी बारीक कण हवेत जातात. बंद खोलीत ते साठत राहतात, उदबत्तीचा धूर साठतो तसे. तीच उदबत्ती अंगणात लावा, दोन हातांवर धूर विरून जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नोंद झालेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी मोकळ्या जागी झाल्याचं दिसलं. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही खेळत्या हवेचं महत्त्व सांगणारी पत्रिका काढली.

याचा अर्थ बाहेर धोका शून्य असतो असा नाही. खांद्याला खांदा लावून, तोंडाजवळ तोंड नेऊन गप्पा मारल्या तर बाहेरही लागण होऊ शकते. म्हणून दाराच्या आत की बाहेर, एवढंच विचारून भागत नाही. हवा किती मोकळी आणि माणसं किती जवळ, हे बघायला हवं.

घरात बसण्याचीही किंमत असते

आपण बाहेरचा धोका मोजला, पण घरात बसण्याचा मोजलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्यातून तीन दिवस तरी त्यात स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम हवा. पाच वर्षांखालच्या, पण चालत्याफिरत्या मुलांना तर दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. दोन खोल्यांच्या घरात, खाली कुणी राहत असताना, हे कसं जमणार?

दुसरी गोष्ट डोळ्यांची. चीनमधल्या फेइचंग शहरात शाळकरी मुलांच्या डोळ्यांची दरवर्षी तपासणी होत असे. २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांमध्ये लघुदृष्टीचं, म्हणजे दूरचं अंधुक दिसण्याचं प्रमाण जास्तीत जास्त ५.७ टक्के होतं. २०२० मध्ये, मुलं काही महिने घरात राहिल्यावर, ते २१.५ टक्के निघालं. मोठ्या मुलांपेक्षा लहानांवर परिणाम जास्त दिसला. जवळचं बघणं वाढलं हे एक कारण, आणि उजेड कमी झाला हे दुसरं. आपल्या घरात दिवा लावूनही साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजारांत जातो. वाढत्या डोळ्याला तो उजेड लागतो. तैवानने तर मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर राहावं अशी मोहीम २०१० मध्येच सुरू केली होती.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक गैरसमज दूर करते. बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ते तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. अगदी कोवळ्या उन्हातही ते फार थोडं तयार होतं, सूर्य थोडा वर यावा लागतो. पण म्हणून मे महिन्यात नागपूरच्या किंवा हैदराबादच्या भर दुपारी मुलांना उभं करू नका. उन्हाळ्यात सकाळी उशिरा थोडा वेळ पुरे. त्वचा लाल होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट मनाची. आमच्या इमारतीतला पहिलीतला एक मुलगा जूनमध्ये पहिल्यांदा खाली आला. आईचा हात धरून शेवटच्या पायरीवर थांबला आणि पुढे यायलाच तयार नव्हता. "खाली कोरोना आहे," एवढंच म्हणत होता. मार्चपर्यंत हाच मुलगा संध्याकाळी घरी जायला तयार नसायचा. आई त्याला रोज खाली आणायची आणि रोज एक पाऊल पुढे न्यायची. तो पुन्हा पळायला लागायला पंधरा दिवस गेले. ताप मोजायला थर्मामीटर आहे, हे मोजायला काही नाही, म्हणून हे कुठल्याच आकड्यात आलं नाही.

पुन्हा वेळ आली तर काय करावं?

आधी स्थानिक आदेश वाचा. बंदी असेल तर ती पाळा. घरात कुणी आजारी असेल, मुलाला ताप-खोकला असेल किंवा विलगीकरण चालू असेल, तर बाहेर नेऊ नका. अशा वेळी खिडक्या उघडा आणि गॅलरीत खुर्ची टाका. गच्ची फक्त आपल्याच घराला वापरता येत असेल तर तिथे जा, मात्र कठडा मुलाच्या छातीपेक्षा उंच हवा आणि मोठं माणूस बरोबर हवं.

मुभा असेल तर रोजची वेळ ठरवा. सकाळी लवकर किंवा लोक कामात असतात ती वेळ बरी. एक तास सलग मिळाला नाही तर वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या करा, शरीर बेरीज करतं. एकमेकांना हात लावावा लागणार नाही असे खेळ निवडा. दोरीवरच्या उड्या, लंगडी, सायकल, सूर्यनमस्कार, कडेच्या झाडापर्यंत शर्यत. शिवाशिवीच खेळायची असेल तर अंगाला न शिवता सावलीवर पाय ठेवायचा, की राज्य आलं. माझ्या वर्गात हा खेळ फार चालतो आणि अंतर आपोआप राहतं.

मास्कबद्दल एवढं लक्षात ठेवा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नको, असं आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये सांगितलं. धावताना, खेळताना कुठल्याच मुलाने मास्क लावू नये, त्याऐवजी अंतर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. घरी आल्यावर हात धुवायचेच.

आणि हे काम एकट्या आईचं नाही. सोसायटीच्या बैठकीत विचारा, मजल्यांप्रमाणे वेळा वाटता येतील का? वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारा, शाळेचं मैदान ठरावीक वेळी मुलांसाठी उघडता येईल का? ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांचं कसंही भागतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यांच्यासाठी बाहेरची मोकळी जागा ही चैन नाही. तिथल्या मुलाला घरात राहा म्हणणं म्हणजे सगळ्यात कोंदट हवेत राहा म्हणणं आहे.

दिल्लीतली मराठी मंडळी म्हणतील, आमच्याकडे नोव्हेंबरात बाहेरचीच हवा वाईट असते. अगदी खरं. त्या दिवसांत मुलांना बाहेर पळवू नका. तिथेही प्रश्न तोच, हवा कशी आहे? तेवढं पाहून ठरवायचं.

साथीत मुलांनी तक्रार केली नाही, मोर्चे काढले नाहीत. त्यांना सांगितलं तसं ती बसून राहिली. म्हणून पुढच्या वेळी "काय चालू ठेवायचं" याची यादी होईल, तेव्हा दूध, औषध आणि किराण्याच्या खाली एक ओळ आपण लिहून घेऊ: मुलांसाठी रोज एक तास मोकळी हवा.

आज इथेच थांबते. आज संध्याकाळी मुलांना घेऊन खाली नक्की जा. नमस्कार.