विजयादशमी ते भीमजयंती : सीईटीच्या अभ्यासाचे सहा महिने

बारावी सायन्सला शिकणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांत घरोघरी दिसतात. ही चळवळीचीच कमाई आहे. पण बोर्डात चांगले गुण मिळवूनही इंजिनिअरिंग किंवा फार्मसीच्या प्रवेशात मागे पडणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. ती हुशारीत कमी नसतात. सीईटीचा अभ्यास बोर्डाची परीक्षा संपल्यावर करायचा, असे त्यांनी ठरवलेले असते. तेव्हा हाती जेमतेम महिना उरतो.

आधी परीक्षा समजून घेऊ. गणित गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. भौतिक व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही नाही. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, त्यांनाही ९० मिनिटेच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीतून देता येते. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी गणिताच्या इंग्रजी शब्दांची वेगळी वही आजच घालावी.

आता वेळापत्रक. आपल्या समाजाच्या तारखा प्रत्येक घराला पाठ आहेत. त्याच खुणा धराव्यात.

अशोक विजयादशमीला सुरुवात करावी. ६ डिसेंबरपर्यंत अकरावीची नेमलेली प्रकरणे संपवावीत. चैत्यभूमीवर अभिवादनाला जरूर जावे. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडावी. १ जानेवारीपर्यंत बारावीचे पहिले वाचन पुरे व्हावे. तिथून मार्चपर्यंत बोर्डाचा अभ्यास. मात्र रोज अर्धा तास सीईटीचे प्रश्न सोडवणे चालू ठेवावे. बोर्ड संपले की घड्याळ लावून रोज एक सराव पेपर सोडवावा आणि चुकलेले प्रश्न त्याच दिवशी पुन्हा करावेत. परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून सीईटी कक्षाच्या सूचनेवर लक्ष असावे.

कागदपत्रांचे काम पालकांनी अंगावर घ्यावे. जातीचा दाखला असला तरी जात वैधता प्रमाणपत्र वेगळे लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आजोबा-पणजोबांच्या काळातला पुरावा शोधावा लागतो. गावची शाळा, तहसील कार्यालय अशा खेपा होतात. हे काम निकालानंतर काढले तर जागा हातची जाते. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली, दीर्घ लढ्यानंतर मिळाल्या. एका कागदापायी त्या गमावू नयेत. अर्ज अकरावीतच करावा.

वेळापत्रक मुलाने एकट्याने पाळायची गोष्ट नाही. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. स्वयंपाक, झोप, अभ्यास सारे तिथेच. रामजी सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत आणि घर शांत असताना, रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत, असे चरित्रांत नोंदले आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ते वेळापत्रक बापाने स्वतःची झोप मोडून सांभाळले होते. आपल्या घरात रात्री दोन तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवणे त्यामानाने सोपे आहे. मुलगी परीक्षेला बसली असेल तर पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावीत.

शेवटी एक बोल जयंती मंडळांना. २०२५ साली जीवशास्त्र गटाची सीईटी ९ ते १७ एप्रिल या दिवसांत झाली. म्हणजे जयंती ऐन परीक्षेत आली. वर्गणी, सजावट, मिरवणूक या कामांतून परीक्षेच्या मुलांना मोकळे करावे. संध्याकाळी लाऊडस्पीकर लवकर बंद करावा. विहाराची खोली रात्री अभ्यासासाठी उघडी ठेवावी. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो पाळणाऱ्या मुलाला शांत रात्र देणे, हेही अभिवादनच आहे.

जयभीम.