पाण्यातील हवा : जॉर्ज टाउनच्या जलव्यवस्थेच्या निमित्ताने

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण मराठीत निंदाव्यंजक आहे. जलशास्त्राची साक्ष मात्र निराळी पडते. खळखळणाऱ्या पाण्याचा हवेशी अधिक संपर्क येतो व ते तिच्यातील प्राणवायू शोषून घेते. निसर्गाची हीच क्रिया हेतुपुरस्सर घडवून आणणे म्हणजे वायुमिश्रण होय.

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या ब्लॅक टाउनमध्ये, ‘एळु किणरु’ (सात विहिरी) हे स्थलनाम अद्याप प्रचलित आहे. १७७२ मध्ये कॅप्टन बेकर यांनी आखलेल्या योजनेनुसार या विहिरींचे पाणी सेंट जॉर्ज किल्ल्याला पुरविले जाऊ लागले. विहिरींचे पाणी म्हणजे भूजल, आणि भूजलात प्राणवायू बहुधा अल्प असतो. अशा पाण्यात लोह विरघळलेले असल्यास ते उपसताना नितळ दिसते, परंतु हवा लागताच तांबूस होते. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमहून अधिक लोह असले तर धुतलेल्या कपड्यांवरही डाग उमटतात. म्हणून असे पाणी पायऱ्यांवरून पाडतात वा तुषाररूपाने उडवितात. प्राणवायूच्या योगाने लोह अविद्राव्य होऊन गाळता येते, तर सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघून जातो. सारांश, ‘मिश्रण’ हे नाव अर्धेच सत्य सांगते. या क्रियेत जितके मिसळावयाचे, तितकेच घालवावयाचेही असते.

उष्ण प्रदेशात ही गरज अधिक भासते. शून्य अंश सेल्सिअसला लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना जेमतेम ७.५.

तथापि हवा म्हणजे शुद्धी नव्हे. १८७२ पासून रेड हिल्स तलावाचे पाणी उघड्या कालव्याने शहराकडे येऊ लागले. त्याला हवा मुबलक लाभली, पण त्याच उघड्या वाटेने घाणीलाही प्रवेश मिळाला. अखेर १९१४ मध्ये बंद भूमिगत कालवा व किळपाक येथील वाळूच्या संथ गाळण्या अस्तित्वात आल्या. वायुमिश्रणाने रोगजंतू मरत नाहीत. त्यासाठी गाळणे व निर्जंतुकीकरण अपरिहार्य ठरते.

‘वाहते पाणी निर्मळ’ या लोकसमजुतीचा अर्थ लावताना हा भेद ध्यानी ठेवावयास हवा. प्रवाह पाण्याला चव देईल, त्याचा वास घालवील. ते पिण्यायोग्य असल्याची ग्वाही मात्र देणार नाही.